मदत हवी आहे: सोलापूरहून रामेश्वरम, गाडी थेट बेटावर जाते की मंडपमलाच उतरवतात?

बाळीवेसकर:
सहा जण आहोत, त्यात दोघं सत्तरीचे. नेटवर सगळीकडे ‘पूल बंद, मंडपमला उतरून बस धरा’ असंच लिहिलंय. आता नेमकं काय? शिवाय धनुष्कोडीची गाडी होती म्हणतात, ती कुठे गेली?

होटगीकर:
मंडपमचं विसरा. मंडपम आणि रामेश्वरम बेट जोडणारा समुद्रावरचा जुना पांबन पूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांना बंद झाला, तेव्हाची ती माहिती. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालाय, गाडी पुन्हा रामेश्वरम स्टेशनातच जाते.

मुंबई–नागरकोविल एक्स्प्रेस सोलापूरवरून मदुराईला जाते. ती वारानुसार वेगवेगळ्या मार्गांनी धावते, त्यामुळे वार बघूनच तिकीट काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मदुराईहून पुढे सुमारे १६० किलोमीटर, पॅसेंजरला साधारण चार तास. तिचं साधं तिकीट मदुराईलाच काढा, म्हणजे एक्स्प्रेसला उशीर झाला तरी काही बुडत नाही.

रूळप्रेमी:
धनुष्कोडीचं सांगतो. जुना पूल १९१४ चा, धनुष्कोडी बेटाच्या टोकाला. मद्रासहून बोट मेल ही गाडी धनुष्कोडीला यायची, तिथून बोटीने सिलोनातलं तलैमन्नार. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने पांबन–धनुष्कोडी पॅसेंजर प्रवाशांसकट समुद्रात ओढली. धनुष्कोडीचा मार्ग पुन्हा बांधलाच नाही. पूल मात्र रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला. बोट मेल हे नाव अजून टिकून आहे, चेन्नई एग्मोरहून रात्री सुटणाऱ्या गाडीला.

बोटी जाव्यात म्हणून जुन्या पुलाच्या मधल्या गाळ्याचे दोन भाग माणसं तरफा फिरवून उघडायची. नव्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ १७ मीटर वर उचलला जातो, लिफ्टसारखा. जोराचा वारा सुटला की गाडी थांबवतात, म्हणून परतीला मदुराईची एक्स्प्रेस त्याच दिवशी धरू नका.

बाळीवेसकर:
आणि सामान?

होटगीकर:
स्टेशनच्या क्लोकरूमला प्रवासाचं तिकीट लागतं आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. शेंगाचटणीची कापडी पिशवी तिथे चालायची नाही. देवळातल्या २२ तीर्थांच्या (विहिरींच्या) स्नानानंतर ओल्या कपड्यांत गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा काढून मगच कुलूप लावा. मोबाइलही त्याच बॅगेत ठेवा, देवळात नेऊ देत नाहीत.