ग्रॅनाडाने जेरेमी ब्रेटचा होम्स १९९१ लाच थांबवायला हवा होता का?

मधला_अंक

ग्रॅनाडा टेलिव्हिजन या ब्रिटिश कंपनीने १९८४ ते १९९४ या काळात शेरलॉक होम्सचे ४१ भाग केले. तासाभराचे ३६ आणि चित्रपटाच्या लांबीचे ५. वॉटसन बदलला (पहिल्या १३ भागांत डेव्हिड बर्क, मग एडवर्ड हार्डविक), होम्स मात्र शेवटपर्यंत जेरेमी ब्रेट हाच नट राहिला. १९९१ चे सहा भाग झाल्यावर ही मालिका बंद करायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतरच्या नऊ भागांत आजारी माणूस कॅमेऱ्यासमोर उभा केलेला दिसतो.

ब्रेटचा होम्स वेगावर उभा होता. लांबलचक वाक्य एका दमात, मग अचानक पूर्ण स्तब्धता. सोफ्यावरून उडी, जमिनीवर पालथं पडून भिंगाने शोध, हाताचा एक झटका आणि माणूस खोलीबाहेर. १९९४ च्या भागांत वाक्याच्या मध्येच दम घेतलेला ऐकू येतो, चेहरा सुजलेला आहे, बसून केलेले प्रसंग वाढले आहेत. मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयलचा होम्स सडपातळ, ससाण्यासारख्या नाकाचा. मूळ कथांशी इमान हीच ज्या मालिकेची ओळख, तिने एवढी तडजोड का करावी?

पटकथेचा_पाईक

शेवटच्या टप्प्यात घसरण झाली, हे मान्य. पण ती ब्रेटच्या माथी मारू नका. दोष लांबीचा आहे.

डॉयलच्या बहुतेक कथा पन्नास मिनिटांच्या भागात चपखल बसतात. १९९२-९३ मध्ये तीन लघुकथा ताणून दुप्पट लांबीच्या केल्या. 'द लास्ट व्हँपायर'मध्ये मूळ कथेत नसलेलं स्टॉकटन नावाचं पात्र घुसवलं आणि अख्खं गाव त्याच्या मागे लावलं. 'द एलिजिबल बॅचलर'मध्ये दुसरीच एक कथा आणून जोडली, वर होम्सला दुःस्वप्नं पडायला लावली. तर्काने चालणारा माणूस स्वप्नांच्या आधाराने चालायला लागला की तिथे कुठलाही नट काय करणार?

आता त्याच काळातला 'द मास्टर ब्लॅकमेलर' (१९९२) पाहा. होम्सने नळदुरुस्ती करणाऱ्याचं सोंग घेऊन मोलकरणीशी सोयरीक जुळवली, हे मूळ कथेत दोन-चार ओळींत उरकलं आहे. इथे त्याचे पूर्ण प्रसंग केले. ती मुलगी जवळ येते तेव्हा ब्रेटच्या चेहऱ्यावर जी घाबरगुंडी आणि अपराधीपण आहे, ते १९८४ च्या चपळ होम्सला जमलं नसतं. तुमच्या सूचनेप्रमाणे १९९१ ला पडदा पाडला असता तर हे गेलं असतं.

नाडी_परीक्षा

'सुजलेला चेहरा' एवढं म्हणून पुढे जाऊ नका, त्यामागे दोन आजार आहेत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ब्रेटचं हृदय अधू झालं होतं. १९८५ मध्ये पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली, १९८६ मध्ये तो मानसिक आजाराने रुग्णालयात होता. निदान झालं द्विध्रुवी विकाराचं (मनःस्थिती कधी अति उत्साहाकडे, कधी खोल नैराश्याकडे झुकते तो आजार), औषध लिथियम.

या औषधाची मात्रा सांभाळणं ही तारेवरची कसरत असते. रक्तातलं प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल ठेवावं लागतं आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं सुरू होतात. तहान वाढते, वजन वाढतं, हात थरथरू शकतात, अंगावर सूज येऊ शकते. अधू हृदय आधीच शरीरात पाणी साठवतं. ते काढायला दिल्या जाणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळ्या मूत्रपिंडातून बाहेर जाणारं लिथियम अडवतात, म्हणजे रक्तातलं प्रमाण पुन्हा चढतं. एका आजाराचा उपाय दुसऱ्याला बाधतो तो असा. त्यात सिगारेटची भर. १२ सप्टेंबर १९९५ ला हृदय बंद पडून तो गेला, वय ६१.

म्हणून माझं मत मधला_अंक यांच्या बाजूने आहे, कारण मात्र वेगळं. १९९४ च्या 'द मॅझरिन स्टोन' या भागाच्या वेळी तो इतका आजारी होता की होम्सचं काम भाऊ मायक्रॉफ्टकडे, म्हणजे चार्ल्स ग्रेकडे द्यावं लागलं. एवढं झाल्यावर चित्रीकरण पुढे ढकलायला हवं होतं.

पटकथेचा_पाईक

त्या भागाबद्दल सहमत. मात्र मायक्रॉफ्ट दिसला की ब्रेट आजारी, असं समीकरण करू नका. 'द गोल्डन पान्स-ने'मध्ये मायक्रॉफ्ट आहे तो हार्डविक मोकळा नव्हता म्हणून. तिथे बदली वॉटसनची आहे.

जुना_रंगमंच

मला १९९१ या सालाचाच वाद अपुरा वाटतो. होम्सने ब्रेटला दहा वर्षं गिळलं, हे खरं नुकसान.

लंडनला नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये १९६७ च्या सर्व-पुरुष 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये तो ऑरलँडो होता. १९७० मध्ये स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनने बसवलेल्या 'हेडा गाब्लर'मध्ये मॅगी स्मिथसमोर टेसमन, त्याच वर्षी 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिएच्या शायलॉकसमोर बसानिओ. 'माय फेअर लेडी'त (१९६४) फ्रेडीचं गाणं त्याच्या तोंडी असलं तरी आवाज बिल शर्लीचा. आणि हाच माणूस १९६८ मध्ये बीबीसीच्या 'द मेरी विडो'त स्वतः गायला. १९७९ च्या 'रिबेका'त तो मॅक्सिम, आणि मिसेस डॅनव्हर्स झालेली अ‍ॅना मॅसी ही त्याची घटस्फोटित पहिली पत्नी. एवढा पल्ला असलेला नट १९८४ नंतर एका कोटात अडकला. १९८८-८९ मध्ये लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात नाटक केलं तेही होम्सचंच, दोनच पात्रांचं!

मधला_अंक

जुना_रंगमंच, अडकला म्हणता, पण त्या कोटात त्याने जे केलं ते आधीच्या कुठल्या भूमिकेत केलं? निर्मात्यांनी होम्सच्या सवयींची ७७ पानी टिपणवही बनवली होती: काय खातो, कधी चिडतो, कसा बसतो. ब्रेट संवाद मूळ कथेशी ताडून पाहायचा आणि बदलांवर भांडायचा. जन्मतः त्याला 'र' म्हणता येत नव्हता. तरुणपणी शस्त्रक्रिया झाली, तरी उच्चारांचे व्यायाम त्याने पुढेही सोडले नाहीत. होम्सच्या तोंडचा धारदार 'र' ऐकताना हे आठवावं.

आणि 'द डेव्हिल्स फूट' (१९८८). केस बारीक कापलेले. कोकेनची सुई तो वाळूत पुरतो. हे मूळ कथेत नाही, त्यासाठी डॉयलच्या मुलीची, डेम जीन यांची संमती घेतली होती. विषारी धुरातून बाहेर येताना तो 'जॉन!' असं ओरडतो. मूळ कथांत होम्स वॉटसनला पहिल्या नावाने कधीच हाक मारत नाही. भूमिकेत एवढा खोल शिरलेल्या माणसालाच हे सुचतं. म्हणून तर शेवटचे भाग बघवत नाहीत.

पटकथेचा_पाईक

मग एकच भाग पुन्हा पाहा. 'द कार्डबोर्ड बॉक्स', ११ एप्रिल १९९४, मालिकेचा शेवटचा. डॉयलने कथा संपवताना होम्सच्या तोंडी प्रश्न घातला आहे: दुःख, हिंसा आणि भीतीच्या या चक्राला अर्थ काय? जड शरीर, संथ आवाज, तुम्ही दोष म्हणून मोजलेलं सगळं तिथे कामी आलं आहे. १९८४ च्या ब्रेटने तो प्रश्न कोड्यासारखा विचारला असता.

नाडी_परीक्षा

भाग उत्तम आहे, वाद नाही. पण तो उत्तम झाला म्हणून त्या अवस्थेत त्याच्याकडून काम करून घेणं बरोबर ठरत नाही. मी माझ्या मतावर कायम आहे.