पाहुण्यांच्या स्टँडातच बसा

इंग्लंडमध्ये आपल्या संघाचा फुटबॉल सामना दुसऱ्यांच्या मैदानावर बघायला गेलं, तर पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या बाजूला बसावं की गुपचूप यजमान संघाच्या चाहत्यांत, असा प्रश्न पडतो. पाहुण्यांच्यातच जा हो! यजमानांच्यात बसून आपल्या गोलवर ओरडलात तर बाहेरचा रस्ता दाखवतात.

ल्यूटन टाउन क्लबचं केनिलवर्थ रोड मैदान जमलं तर बघाच. ओक रोडवरच्या खेटून बांधलेल्या घरांच्या रांगेतच पाहुण्यांचं गेट आहे, आणि जिना चढताना खाली लोकांची परसदारं दिसतात. बिअर मात्र स्टँडमागच्या भागातच संपवायची, १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही. अगदी खालच्या लीगांत तर बऱ्याचदा दोन्ही संघांच्या चाहत्यांमध्ये कुंपणही नसतं. हाफटाइमला दोन्हीकडची मंडळी टोकं बदलतात, आपला संघ ज्या गोलवर चढणार त्याच्या मागे.