रक्तातला किडा हिमोग्लोबिनवर जगतो, मग आयसोल्युसिन हे अमिनो ॲसिड कुठनं आणतो?

गुहागरकर: गिमवीबद्दल वाचत होतो, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच गाव, तिथल्या शिस्टोसोमाची (माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा परजीवी किडा) नोंद १९५२ ची, लघवीतून रक्त जाण्याचा आजार. हा किडा हिमोग्लोबिन पचवून अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचे घटक, मिळवतो म्हणे, पण मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन नसतंच ना?

खाडीकाठ: भारी प्रश्न! अरे तो नुसता तोंडाने खात नाही, त्याच्या कातडीवर अमिनो ॲसिड आत खेचणारी प्रोटीन्स असतात आणि बाहेर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आहेच, शिवाय प्लाझ्मातली प्रोटीन्सही गिळतो. आतड्यात कॅथेप्सिन वगैरे एन्झाइम्स हिमोग्लोबिनचे तुकडे करतात, उरलेल्या हीमचं (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) हिमोझोइन नावाचं काळं द्रव्य होतं आणि गुदद्वारच नाही त्यामुळे ते तोंडानेच ओकून टाकतो.

झूलॉजी चिपळूण: मादी नरापेक्षा कितीतरी जास्त रक्त पिते, अंड्यांसाठी. अंड्याच्या कवचाच्या प्रोटीनमध्ये टायरोसिन हे अमिनो ॲसिड भरपूर असतं, टायरोसिनेज हे एन्झाइम त्यावर काम करून कवच टणक करतं. मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण माणसाला खरा त्रास होतो तो मूत्राशयाच्या भिंतीत अडकलेल्या अंड्यांचा.

गुहागरकर: मग टायरोसिनेजच अडवलं तर?

झूलॉजी चिपळूण: लॅबमध्ये अडवून बघितलंय, अंडी कमी झाली. पण पेशंटला आजही प्राझिक्वांटेल हे औषधच देतात.