भायखळ्याच्या फुटपाथवरून पक्क्या घरात: स्पार्क–महिला मिलनचं काम कोणत्या क्रमाने झालं?

सायनकर: बिल्डरऐवजी संस्थेमार्फत झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना करावी का, यावर आमच्या वस्तीत सभा आहे. उदाहरण म्हणून जो तो स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन ही बायकांची बचत संघटना यांचं नाव घेतो, पण १९८५च्या निकालाने फुटपाथवाल्यांना घरं मिळाली, यापलीकडे कुणाला सांगता येत नाही. आधी काय झालं, पैसा कुठून आला, गाडी कुठे अडली?

ई_वॉर्ड: निकालाने घर कुणालाच दिलं नाही. ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने उपजीविका जगण्याच्या हक्कात धरली खरी, पण झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पावसाळा होता म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा, हा तात्पुरता दिलासा.

स्पार्क १९८४ची. तोडकामाची टांगती तलवार असताना तिने पालिकेच्या ई वॉर्डातल्या, म्हणजे भायखळा भागातल्या फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली, कारण १९७६च्या झोपडपट्टी गणनेत फुटपाथ धरलेच नव्हते. १९८६मध्ये त्याच फुटपाथांवरच्या बायकांचं महिला मिलन उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन (१९७४) सोबतीला होतंच. बांधकामासाठी ‘स्पार्क समुदाय निर्माण सहायक’ ही ना-नफा कंपनी निघाली थेट १९९८मध्ये. म्हणजे यादी आणि बचत आधी, बांधकाम कंपनी बारा-तेरा वर्षांनी. तुमच्या सभेत हा क्रम पहिल्यांदा सांगा.

मोजणी तुम्हीही लगेच सुरू करू शकता. प्रत्येक दारावर क्रमांक, त्याच क्रमांकाचा नकाशा, कुटुंबागणिक एक पान. बंद घराला क्रमांक द्याच आणि संध्याकाळी पुन्हा जा. परिशिष्ट-२मधून, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या सरकारी यादीतून, नावं गळतात ती बहुतेक इथेच. रेशनकार्ड आणि मतदारयादीतल्या नावात ‘शेख’चं ‘शैख’ झालेलं असतं, ते आताच दुरुस्त करून घ्या. भाडेकरू आणि पोटमाळ्यावर राहणारे वेगळ्या रकान्यात. यांच्यावरून नंतर भांडण होतंच.

टीडीआर_वाचक: पैशाचं बघू. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(१०) या झोपु योजनेच्या नियमाखाली रहिवाशांची सोसायटी किंवा संस्था स्वतः विकासक होऊ शकते. रहिवाशांच्या संमतीची अट पूर्वी ७० टक्के होती, आता ५१. पुनर्वसनाच्या बांधकामाच्या बदल्यात बाजारात विकायला बांधकाम क्षेत्र मिळतं. १९९७च्या नियमांत पुनर्वसनाच्या दर १ चौरस फुटामागे ते शहरात ०.७५, उपनगरात १, धारावीत १.३३ होतं.

गोम अशी की विक्रीतून किंवा टीडीआरमधून (दुसरीकडे वापरता येणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) पैसा येतो तो काम पुढे सरकल्यावर, टप्प्याटप्प्याने. पाया, संक्रमण शिबिर (बांधकाम होईपर्यंतची तात्पुरती घरं), आर्किटेक्टची फी यांना मात्र पहिल्या दिवसापासून रोख लागते. धारावीच्या राजीव-इंदिरा सोसायटीसाठी सिटीबँकेचं कर्ज घेतलं, त्याला ब्रिटनच्या होमलेस इंटरनॅशनलने हमी दिली, तेव्हा ही दरी भरून निघाली. त्यातच टीडीआरचा भाव पडला की सगळं गणित कोलमडतं. बिल्डर इतर प्रकल्पातला पैसा फिरवतो. संस्थेकडे तो नसतो. म्हणून ‘पहिल्या जिन्यापर्यंतचा पैसा कोण देणार’ हे कागदावर आल्याशिवाय एकही झोपडी रिकामी करू नका.

बायकांच्या रोजच्या बचतीतून इमारत उभी राहत नाही, हेही स्पष्ट बोला. गोळा करणारी बाई रोज दारोदार जाते, पाच-दहा रुपये वहीत लिहिते. खरा फायदा हा की कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे तिला ठाऊक असतं.

चौदा_फूट: घराच्या आराखड्यावर कुणी बोललं नाही. महिला मिलनच्या बायकांनी लाकूड-कापडाची पूर्ण मापाची प्रतिकृती उभारून खोली ठरवली: छत १४ फुटांवर आणि निम्म्या जागेवर माळा. माळ्याखाली ७ फूट, स्लॅब साधारण ५ इंच, वर साडेसहा फूट. तेव्हाच्या २२५ चौरस फुटांत त्यामुळे शंभरेक चौरस फूट झोपायची जागा वाढते. राजीव-इंदिरामध्ये हाच नमुना आहे.

टीडीआर_वाचक: पण उंची वाढली की मजले कमी बसतात, आणि दाट वस्तीत तेवढ्याने सगळे पात्र लोक मावत नाहीत. आता ३०० चौरस फूट मिळतात, तेव्हा सरसकट १४ फुटांचा आग्रह मी धरणार नाही.

चौदा_फूट: हिशेब बरोबर आहे. पण मग उंच इमारत म्हणजे लिफ्ट, पंप, त्यांचं वीजबिल. झोपु योजनेत देखभालीसाठी सुरुवातीला घरामागे २०,००० रुपये ठेवायचे असत. १०० घरांचे २० लाख, ८ टक्क्यांनी वर्षाला १.६ लाख, म्हणजे दर घरामागे महिन्याला १३३ रुपये. तेवढ्यात लिफ्ट चालत नाही. सभेत दोन्ही आराखड्यांच्या शेजारी महिन्याचा मेंटेनन्स लिहून ठेवा, मग मत घ्या.