शब्दचर्चा: ‘आउटलॉ’ म्हणजे डाकू की पुंड?

शाईदौत: एका अमेरिकन चित्रकादंबरीचं भाषांतर करतेय. बिली द किड हा तिकडचा गाजलेला आउटलॉ १८८१ मध्ये मेलाच नाही, तो जत्रेतल्या खेळवाल्यांबरोबर एका भुताळी वाड्यावर जातो, अशी गोष्ट. अडलंय ‘आउटलॉ’वर. मी ‘दरोडेखोर’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘डाकू’ केलं. डाकू म्हटलं की मला चंबळच दिसतं. चित्रातल्या संवादाच्या फुग्यात जागा जेमतेम चार अक्षरांची.

नदीकाठ: ‘पुंड’ घ्या. पुंडपाळेगार आपण इतिहासात वाचलेत. दावं तोडून दुसऱ्याच्या उसात शिरणाऱ्या खोंडाला आजी म्हणायची, ‘पुंड झालाय मेला.’

शाईदौत: पुंडात दांडगाई आली. पण आउटलॉ म्हणजे ज्याच्यावरचं कायद्याचं छत्रच काढून घेतलंय तो. बिलीवर गव्हर्नरने ५०० डॉलरचं इनाम लावलं होतं.

बडोद्याची माई: काठेवाडात यालाच ‘बहारवटिया’ म्हणतात. आमचे आजोबा फोड करायचे, वाटेबाहेर गेलेला.

तत्सम: गुजरातीकडे कशाला हात पसरायचा? ‘विधिबहिष्कृत’ म्हणा.

नदीकाठ: हा शब्द कुणी रागाने ओरडू शकेल का? मग तो फुग्यात चालणार नाही.

मांडवीकाठ: आणि खेळवाल्यांना ‘कार्निव्हलवाले’ करू नका. गोव्यात कार्निव्हल म्हणजे लेंटच्या, ख्रिस्ती उपासाच्या काळाच्या, आधीचे दिवस, किंग मोमोची मिरवणूक. तिथे तंबूतले तलवार गिळणारे नसतात.

तत्सम: मग ‘डोंबारी’ आहे की.

सोलापुरी चादर: नको, ते जमातीचं नाव आहे. १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. दोरीवर चालणारे नटसुद्धा त्यात आले. तो कायदा १९५२ मध्ये उठला, पण या जमातींना जिथे डांबलं, त्या सोलापुरातल्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव अजून आहे. शाईदौतताई, तुमच्या पुस्तकात आउटलॉ वेगळा आणि खेळवाले वेगळे. आपल्याकडे सरकारने खेळवाल्यांनाच आउटलॉ केलं. शब्द निवडताना हे विसरून चालणार नाही.

शाईदौत: हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. डोंबारी बाद.

बडोद्याची माई: ‘सर्कसवाले’ करा. विष्णुपंत छत्र्यांची सर्कस १८८० ची, म्हणजे शब्द बिलीच्याच काळातला.

तत्सम: पण ‘सर्कस’ तरी मराठी आहे का?

नदीकाठ: दीडशे वर्षं मुलाबाळांच्या तोंडात आहे, अजून किती थांबायचं?

शाईदौत: शनिवारी पानं द्यायचीत. ‘पुंड’ बसवून पाहिलं, फुग्यात नीट मावतं. पण संपादक ‘डाकू’वर अडून आहेत.

मांडवीकाठ: ‘पुंड’चं पुंडलिकाशी काही नातं?

तत्सम: छे! पुंडलिक ‘पुंडरीक’वरून. कमळ.