शब्दचर्चा: बँडचा ‘ट्रू फॅन’ म्हणजे चाहता, रसिक की दर्दी?

भाषांतरी
ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडवरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात ‘ट्रू फॅन’ वारंवार येतं. ‘खरा चाहता’ लिहिलं की वाक्य लंगडं पडतं, कारण ‘खरा’ म्हटल्यावर खोटा कोण हे शोधावंसं वाटतं. हाडाचा, कट्टर, निस्सीम, जातिवंत यांतलं काय बसेल? आणि या बँडचे चाहते स्वतःला ‘डेडहेड’ म्हणवतात, त्या शब्दाचं काय करावं?

शब्दवेल्हाळ
आधी विशेषणं. ‘हाडाचा’ कामाला लागतं: हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. ‘हाडाचा चाहता’ खटकतं, कारण चाहणं हे काम नव्हे. ‘कट्टर’ला समोर कुणीतरी विरोधी लागतो, कट्टर समर्थक, कट्टर वैरी. फुटबॉल क्लबाच्या पाठीराख्यांना ते शोभेल, बँडच्या श्रोत्यांना नाही. ‘निस्सीम चाहता’ वर्तमानपत्रांनी रुळवलं आहे, पण ते श्रद्धांजलीच्या मजकुरात इतकं वापरून झालंय की त्यात धग उरलेली नाही. ‘जातिवंत रसिक’ चांगलं आहे.

पण खरी मेख नामात आहे. ‘चा’ लावून पाहा. ‘भीमसेनांचा चाहता’ सरळ बसतं. ‘भीमसेनांचा भक्त’ही बसतं. ‘भीमसेनांचा दर्दी’ मात्र कुणी म्हणत नाही. ‘गाण्याचा दर्दी’ म्हणतात. म्हणजे चाहता आणि भक्त माणसाला चिकटतात, दर्दी कलेला. रसिकाला तर ‘चा’ची गरजच नसते, तो नुसता रसिक असतो. कानसेनाचंही तेच: तानसेनावर बेतलेला शब्द, जमा आहे ती कानाच्या खाती.

तेव्हा लेखातला फॅन बँडमधल्या माणसांवर जीव टाकतो की त्यांच्या वाजवण्यावर, हे आधी ठरवा.

अडाणी_प्रश्न
दर्दी म्हणजे दुःखी नाही का? गुजरातीत दवाखान्याच्या पाटीवर ‘दर्दी’ वाचलंय.

शब्दवेल्हाळ
गुजरातीत दर्दी म्हणजे रुग्ण, बरोबर. मूळ फारसी ‘दर्द’, म्हणजे वेदना. मराठीत ती वेदना कळकळीकडे वळली: ज्याला गाणं लागतं, बेसूर झालं तर टोचतं, तो दर्दी. गुजराती वाचकही तुमचा मजकूर वाचणार असतील तर सांभाळा.

‘फॅन’चाही प्रवास पाहण्यासारखा आहे. लॅटिन ‘फानुम’ म्हणजे देऊळ, त्यावरून देवानं झपाटलेला तो ‘फनाटिकुस’, तिथून इंग्रजी ‘फनॅटिक’, आणि त्याचं तोडलेलं रूप १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांना लागलं. त्या अर्थानं ‘भक्त’ त्याचा सख्खा भाऊ.

टेपकपाट
ग्रेटफुल डेडच्या बाबतीत ‘दर्दी’च लिहा, आणि त्याचं कारण ठोस आहे. बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला, १९९५ मध्ये त्याचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया गेल्यावर थांबला. तेच गाणं रोज वेगळं वाजायचं, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मोलाचं. श्रोते माइक घेऊन येत. माइकच्या उंच काठ्यांमुळे मागच्यांना दिसेना, ध्वनितंत्रज्ञालाही मंच दिसेना. बँडनं मुद्रण बंद केलं नाही; ऑक्टोबर १९८४ पासून साउंडबोर्डच्या, म्हणजे मंचावरचे सगळे आवाज जुळवणाऱ्या यंत्राच्या, मागे या ‘टेपर’ मंडळींना स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकिटं दिली.

त्यांची शिस्त बघा. कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५. १२० मिनिटांची घेत नसत. तिची फीत पातळ, ती ताणते आणि डेकमध्ये गुंडाळते. ४० मिनिटांच्या आसपास नजर फितीवर ठेवायची आणि दोन गाण्यांच्या फटीत बाजू उलटायची, नाहीतर गाणं मधोमध तुटतं. घरी आल्यावर कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची कानं मोडायची, म्हणजे चुकून वर दुसरं मुद्रण होत नाही. लेबलवर तारीख, सभागृह, गाव, मुद्रण माइकवरून की थेट साउंडबोर्डवरून, आणि ही कितवी नक्कल. हा शेवटचा आकडा प्रामाणिकपणे लिहिणं फार महत्त्वाचं, कारण कॅसेटवरून कॅसेट करताना दर नकलेला सूंऽ असा फितीचा आवाज वाढतो आणि झांजांची चमक मरते. चौथ्या-पाचव्या नकलेत ते कुणालाही ऐकू येतं. डॉल्बी म्हणजे डेकमधली हा फितीचा आवाज कमी करणारी सोय; ती लावून भरलेली टेप डॉल्बीशिवाय वाजवली तर कर्कश, उलट केलं तर दबकी. म्हणून बरेच जण डॉल्बी बंदच ठेवत.

विकणं निषिद्ध. नवख्याकडे बदल्यात द्यायला काही नसेल तर त्यानं कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा भरून देई. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम असाच हातोहात फिरला. मूळ मुद्रण बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांचं. आज ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत आहे.

आपल्याकडे मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्यांना आणि अशीच एकमेकांना देणाऱ्यांना आपण काय म्हणतो? दर्दी. तेच काम, तोच शब्द.

भाषांतरी
पटलं. पण नुसतं नाचायला येणारे, एकही टेप नसलेले? तेही स्वतःला डेडहेड म्हणवतात.

टेपकपाट
तेही डेडहेडच. १९७१ च्या अल्बमच्या आतल्या पानावर बँडनं ‘डेडच्या वेड्यांनो, एक व्हा’ अशा अर्थाचं आवाहन छापून नाव-पत्ता मागवला होता. किती टेपा आहेत हे विचारलं नव्हतं. त्यामुळे सगळे मिळून एक शब्द हवा आणि टेपरांना वेगळा.

शब्दवेल्हाळ
मग सगळ्यांना ‘डेडवेडे’. क्रिकेटवेडा, नाटकवेडा यांच्या रांगेत तो आपोआप बसतो आणि आवाहनातलं ‘वेड्यांनो’ही त्यात येतं. ‘डेडप्रेमी’ नको, संगीतप्रेमी, निसर्गप्रेमी हे निमंत्रणपत्रिकेतले शब्द आहेत, त्यांत रात्रभर गाडी चालवून पुढच्या गावी जाणारा माणूस दिसत नाही. पहिल्यांदा ‘डेडहेड’ देऊन लगेच मराठी शब्द द्या, पुढे मराठीच चालवा.

‘बँड’ मात्र ठेवा. ‘वाद्यवृंद’ म्हटलं की ऑर्केस्ट्रा डोळ्यांपुढे येतो, ‘ताफा’ म्हटलं की सनई-चौघडा. फक्त ‘बँड वाजला’ असं लिहू नका. मराठीत त्याचा अर्थ फजिती झाली. ‘बँडनं वाजवलं’ लिहा.

भाषांतरी
‘दर्दींना’ की ‘दर्द्यांना’?

शब्दवेल्हाळ
दोन्ही कानावर येतात. ‘दर्दी मंडळींना’ लिहा, अडणार नाही. ‘चाहता’चं स्त्रीरूप ‘चाहती’ करावं लागतं. ‘दर्दी’ तो, ती, ते सगळ्यांना एकच. मुद्रण करणाऱ्या बाईंबद्दल लिहितानाही काही बदलावं लागणार नाही.