उपवासकाळातील कोणते शुभवर्तमान तुम्हाला अडवून ठेवते?

उपवासकाळ (इस्टरपूर्वीचे सुमारे चाळीस दिवस) आणि इस्टर यांतील शुभवर्तमानाच्या वाचनांवर आपल्याकडे प्रवचने भरपूर होतात. ती ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटले, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. म्हणून हे आमंत्रण. कॅथलिक मिस्सेतील रविवारची वाचने १९६९च्या सुधारणेपासून ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशा तीन वर्षांच्या चक्राने येतात. २०२६ हे ‘अ’ वर्ष असल्यामुळे अरण्यातील परीक्षा आणि येशूचे रूपांतर यांच्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानातील तीन लांब प्रसंग ओळीने येतात: शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजर. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील वाचकांनी आपापल्या क्रमाने लिहावे. अट एकच आहे. जो उतारा सहज पटला त्याबद्दल न लिहिता, ज्याने अडवले त्याबद्दल लिहावे.

निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

आमच्या मंडळीत वाचनांचे चक्र काटेकोरपणे पाळले जात नाही, तरी याकोबाच्या विहिरीचा, म्हणजे शोमरोनी स्त्रीचा, प्रसंग या दिवसांत एकदा तरी वाचला जातो. प्रवचन बहुधा त्या बाईच्या पाच नवऱ्यांपर्यंत पोहोचते आणि तिथेच घोटाळते. माझे लक्ष त्याआधीच्या मागणीकडे जाते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि ती चकित होते ती यहूदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचे पाणी मागतो म्हणून; यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत.

माझी आजी गावकुसाबाहेर वाढलेली होती. विहिरीच्या कठड्याला हात न लावता दूर उभे राहायचे आणि कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरून घ्यायची, हे तिने लग्न होईपर्यंत केले होते. तिला हा अध्याय वाचून दाखवला की ती दर वेळी विचारीत असे, “मग प्यायला का रे तो?” योहानाने ते लिहिलेलेच नाही. ती बाई घागर तिथेच टाकून गावात गेली, एवढे तो सांगतो. पाणी काढले गेले की नाही, याबद्दल अवाक्षर नाही.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले ती तारीख २० मार्च १९२७. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० मार्चनंतर येत नाही आणि इस्टर २२ मार्चपूर्वी येत नाही, त्यामुळे २० मार्च दर वर्षी उपवासकाळातच पडतो. आम्ही घरी त्या दिवशी हा अध्याय वाचतो. उपासनेत मात्र या दोन पाणवठ्यांचा उल्लेख एकत्र झालेला मी अद्याप ऐकलेला नाही.

परिचारिका, मुंबई

मी थोडक्यात लिहिते. “प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता,” हे लाजरची बहीण मार्था म्हणते आणि थोड्या वेळाने दुसरी बहीण मरियाही तेच म्हणते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मी हे वाक्य कितीदा तरी ऐकले आहे, कधी डॉक्टरांना उद्देशून, तर कधी परगावाहून उशिरा पोहोचलेल्या मुलाला उद्देशून. येशू आजाराचा निरोप मिळाल्यावरही दोन दिवस थांबला होता, हे योहान लपवीत नाही. तो का थांबला याचे जे स्पष्टीकरण अध्यायात येते, ते मला अजून पचलेले नाही. तो रडला, हे पचते.

मच्छीमार कुटुंबातील वाचक, उत्तन

आमच्याकडे डोल जाळे चालते. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. होडीच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला टाकण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे इस्टरच्या आठवड्यातील शुक्रवारी योहानाचा २१वा अध्याय वाचला जाई तेव्हा आमचे आजोबा गालातल्या गालात हसत. रात्रभर रिकामे राबलेल्या माणसांना किनाऱ्यावरचा कोणी अनोळखी इसम जाळे कुठे टाकावे हे सांगतो आणि ते मुकाट्याने ऐकतात, हाच त्यांच्या मते त्या अध्यायातला पहिला चमत्कार होता. काठावर उभे राहून सल्ला देणाऱ्यांचा अनुभव प्रत्येक नाखव्याला असतो.

मला अडवतो तो जाळ्यात आलेल्या मोठ्या माशांचा १५३ हा आकडा. संत ऑगस्टिनने त्यात एक ते सतरा या आकड्यांची बेरीज पाहिली, आणि ती बरोबरही आहे. पण मोठी मासळी नगावर मोजतात, हे कोळ्याला वेगळे सांगावे लागत नाही. वाटणी करायची असेल किंवा विकायची असेल तरच मोजायची. प्रभू मेलेल्यांतून उठून समोर निखाऱ्यांवर मासे भाजतो आहे, आणि तरीही कोणीतरी बसून मोजणी पुरी केली आहे! आमच्या घरी हे काम आईचे होते. ती वाटेकऱ्याच्या एका नगाचीही चूक होऊ देत नसे. हा तपशील प्रत्यक्ष पाहणाऱ्यानेच सांगितला असावा, असे मला वाटते.

त्याच अध्यायात पेत्राला ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय’ असा प्रश्न येशू तीनदा विचारतो, तोही निखाऱ्यांजवळ. येशूला ओळखत असल्याचे त्याने तीनदा नाकारले तेव्हाही तो मुख्य याजकाच्या अंगणात निखाऱ्यांपाशीच शेकत उभा होता. यावर मला अधिक काही लिहिता येत नाही.

रेवदंडा परिसरातील वाचक, सध्या पुणे

शुभ शुक्रवारी दर वर्षी योहानाच्याच शुभवर्तमानातील येशूच्या दुःखसहनाचे वर्णन वाचले जाते आणि जमावाची वाक्ये सगळ्या भाविकांनी मोठ्याने म्हणायची असतात. “त्याला क्रुसावर खिळा” हे लहानपणी मी फार जोरात म्हणत असे. त्या वाचनात ‘यहूदी’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. आमच्या शेजारी बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातील यहूद्यांचे, एक घर होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्या समाजातील हे लोक आमच्यासारखेच मराठी बोलत. त्यांच्या घरी वल्हांडण हा सण आणि आमच्या घरी उपवासाचा शेवट बहुधा एकाच सुमारास येई. त्या वाचनातले यहूदी म्हणजे आपले हे शेजारी काय, असे मी घरी विचारले, तेव्हा वडिलांनी विषय बदलला.

कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले आहे की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की शुभ शुक्रवारी वाचन सुरू होण्याआधी हे दोन वाक्यांत सांगितले गेले पाहिजे. जमावाची वाक्ये आपल्याला म्हणायला लावतात ती दोष दुसऱ्यावर ढकलण्यासाठी नव्हेत.

धर्मशिक्षण घेणारी वाचक, वसई

उत्तनच्या वाचकाच्या घरी मासळीची मोजणी आईकडे असे, हे वाचून मला बरे वाटले, कारण माझी अडचणही बायकांच्या साक्षीचीच आहे. इस्टर रविवारी योहानाच्या २०व्या अध्यायाची पहिली नऊ वचने वाचली जातात. मरिया माग्दालेना धावत येऊन खबर देते, पेत्र आणि दुसरा शिष्य कबरीकडे पळतात, गुंडाळलेली वस्त्रे पाहतात, आणि वाचन थांबते. उठलेल्या ख्रिस्ताला प्रथम पाहिले तिनेच; पण तो भाग त्यानंतरच्या मंगळवारी वाचला जातो, आणि मंगळवारच्या मिस्सेला मोजकेच लोक असतात. ‘ब’ वर्षी पास्काच्या जागरणात, म्हणजे इस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत, मार्कचे वाचनही सातव्या वचनावर संपते. भीतीने पळालेल्या आणि कोणालाच काही न सांगणाऱ्या स्त्रियांचे आठवे वचन गाळले जाते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये मरिया माग्दालेनाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, तेव्हा मला आनंद झाला. आमच्या वर्गात मुले इस्टरनंतरच्या पहिल्याच तासाला नऊ वचनांवर न थांबता अठराव्या वचनापर्यंत वाचतात, आणि मरियेचे ‘मी प्रभूला पाहिले आहे’ हे वाक्य कोणी वाचायचे यावरून दर वर्षी भांडतात.